वाचक विचारतात: घाटात गाडी ओढत नाही, मागून काळा धूर

या वेळी डिझेल गाड्यांच्या धुरावर बरीच पत्रं आलीत आणि त्यातली जास्त सातारा-सांगली भागातलीच आहेत. स्ट्रॉबेरी, बेदाणा, शाळेची मुलं, कशावर ना कशावर चालणाऱ्या जुन्या व्हॅन आपल्याकडं अजून भरपूर आहेत आणि त्यांच्यावर घरं चालतात, म्हणून पहिला प्रश्न जरा सविस्तर घेतोय.

प्रश्न, वाईहून: काका नमस्कार. माझी जुनी डिझेल व्हॅन आहे, चार सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा इनलाइन पंप. सीझनला भिलार-पाचगणीवरून स्ट्रॉबेरी खाली आणतो, जाताना रिकामे क्रेट आणि किराणा घेऊन चढतो. गेल्या पावसाळ्यापासून पसरणी घाटात गाडी ओढतच नाही, पूर्वी तिसऱ्यावर जायची तिथं आता दुसरा टाकावा लागतोय आणि मागून एवढा काळा धूर की मागचे मोटरसायकलवाले ओरडतात. ॲव्हरेज 11 वरून 8 वर आलंय. एअर फिल्टर नवा टाकला, डिझेल फिल्टर बदलले, काही फरक नाही. एक मिस्त्री म्हणाला इंजिन बांधायला लागेल. दुसऱ्यानं पंप थोडा वाढवून दिला, तर एक-दोन दिवस बरं वाटलं पण धूर डबल झाला आणि टेंपरेचरचा काटाही वर जायला लागलाय. सकाळी मात्र हाफ सेल्फला चालू होते, ऑइल कमी होत नाही. आता इंजिन बांधू का पंप कॅलिब्रेशनला देऊ? सीझन तोंडावर आलाय.

उत्तर: दादा, आत्ता दोन्ही करू नका. इंजिन तर अजिबात उघडू नका. तुम्हीच पत्रात लिहिलंय की सकाळी हाफ सेल्फला चालू होते आणि ऑइल कमी होत नाही, या दोन गोष्टी मिस्त्रीनं नीट ऐकल्या असत्या तर इंजिन बांधायचं नावच काढलं नसतं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, पिस्टननं हवा दाबली की ती पाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पडलं की पेटतं. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचे लायनर गेले असते तर हवा दाबलीच गेली नसती आणि त्याचा पहिला त्रास सकाळी थंड इंजिनाला झाला असता, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली असती, निळसर धूर आला असता, ऑइल खाल्लं असतं. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. तरी मनाची खात्री करायची असेल तर गरम इंजिन स्लोवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तसंच उलटं करून तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, जुन्या इंजिनात तेवढं असतंच, पण झाकण उडून पडायला लागलं आणि भकाभका वाफ यायला लागली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे दाबलेली हवा रिंगांतून खाली निसटतेय असं समजा. माझा अंदाज असा की तुमचं झाकण जागेवर बसून राहील.

आता धुराचं. गाडीला दम नाही आणि धूरही नाही, अशी तक्रार असेल तर डिझेल कमी पोचतंय, मग फिल्टर, फीड पंपाची गाळणी, टाकीच्या झाकणाचं भोक, कुठंतरी एअर घेणं हे सगळं बघायचं. पण दम नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचतंय, ते जळत नाहीये. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, तुमचेच पैसे सायलेन्सरमधून बाहेर चाललेत, ॲव्हरेज तीननं का पडलं त्याचं उत्तर तिथंच आहे. म्हणून डिझेल फिल्टर बदलून फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. आणि म्हणूनच पंप वाढवणं हे साफ चुकीचं काम झालं, आधीचंच डिझेल जळत नाही तिथं अजून डिझेल ओतून काय होणार, चुलीत ओली लाकडं धुमसत असताना फुंकायचं सोडून वर अजून लाकडं घालण्यातला प्रकार आहे हा.

सगळ्यात आधी त्याच मिस्त्रीकडं जाऊन पंपाचा स्क्रू जिथं होता तिथं परत आणून घ्या, कितीनं फिरवला ते त्याला माहीत असतं. हे मी पहिलं सांगतोय कारण यात इंजिनाचं नुकसान होतं. जास्त डिझेलनं एक्झॉस्टचं तापमान चढतं, घाटात फुल्ल दाबून चढताना पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह त्यातच जळतात, हेडला तडा जातो, आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय घाट चढू नका. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं आणि मग खरंच इंजिन बांधायची वेळ येते. काटा वर जातोय म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून टाक म्हणेल, तेही ऐकू नका, थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन खाली सपाटीला गरमच होत नाही, धूर वाढतो आणि लायनर लवकर झिजतात. पंप जागेवर आला की काटा बहुतेक आपोआप उतरेल. नाहीच उतरला तर रेडिएटर आणि फॅनबेल्ट बघा.

मग हवा. एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण 12 किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटरच्या आसपास, त्यामुळं हवेच्या वाटेत थोडं जरी अडलं तरी घाटात लगेच कळतं. त्यात पाचगणी साधारण 1,300 मीटरवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 12 टक्के विरळ, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला जेवढी हवा आपोआप आत येईल तेवढ्यावरच भागवावं लागतं, पंप मात्र खाली देत होता तेवढंच डिझेल वरही देतो. म्हणून वर गेल्यावर थोडा काळा धूर सगळ्याच जुन्या गाड्यांना येतो, त्याला बिघाड म्हणता येणार नाही. पण घाट तोच आणि गाडी तीच असताना तिसऱ्याचा दुसरा झाला म्हणजे काहीतरी नक्की बदललंय.

एअर फिल्टर नवा टाकला म्हणता, पण फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारा रबरी होस बघितला का? जुन्या होसचं आतलं अस्तर सुटतं, बाहेरून होस चांगला दिसतो, इंजिन स्लोवर असताना काही होत नाही आणि रेस वाढली की तेच अस्तर आत ओढलं जाऊन वाट बंद करतं. होस काढून आत बोट फिरवा, टॉर्च मारा. फिल्टरच्या आधीचं तोंडही बघा, पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर उंदरानं आत चिंध्या, गवत भरलेलं असतं. ऑइल बाथ फिल्टर असेल तर ऑइल खुणेपर्यंतच भरा. सोपी परीक्षा म्हणजे डांबरी, बिनधुळीच्या रस्त्यावर फिल्टर काढून एकच छोटा चढ चढून बघायचा आणि लगेच फिल्टर परत बसवायचा, फरक पडला तर चोर हवेतच आहे.

तुमच्या इनलाइन पंपाला न्यूमॅटिक गव्हर्नर (हवेच्या ओढीवर डिझेल कमी-जास्त करणारा) असेल, म्हणजे मॅनिफोल्डच्या तोंडाशी फुलपाखरू, म्हणजे हवेची झडप, आणि तिथून पंपाच्या मागच्या टोपीला बारीक होस गेलेला असेल, तर तो होस तडकलाय का आणि टोपीतला पडदा फाटलाय का हे बघायलाच पाहिजे. पडदा फाटला की पंपाला वाटतं ड्रायव्हरनं फुल्ल दाबलंय आणि तो गरजेपेक्षा जास्त डिझेल देत राहतो, स्लो खालीवर होते, काळा धूर येतो. मिस्त्रीला सांगा, इंजिन बंद ठेवून स्टॉपचा लीव्हर पूर्ण ओढून धरायचा, होस काढलेल्या नळीवर बोट दाबायचं आणि लीव्हर सोडायचा. पडदा चांगला असला तर लीव्हर थोडा सरकून अडकून राहतो, सरळ परत गेला तर पडदा गेला. पडदा ही छोटी वस्तू आहे, त्यासाठी अख्खा पंप बेंचवर न्यायची गरज नसते.

पावसाळ्यापासून सुरू झालं हे तुम्ही लिहिलंय त्यावर माझा अजून एक संशय आहे, ब्रेकवर. पावसात व्हील सिलिंडर गंजतात, हँडब्रेकची केबल जाम होते आणि ब्रेकचे लायनर ड्रमला घासत राहतात. गाडी ब्रेक धरूनच चढत असते, इंजिनावर लोड येतो आणि लोड आला की काळा धूर आलाच. वाईहून पाच-सहा किलोमीटर सपाटीला ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, चिकटवू नका, एखादा बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर आधी तो खोला. यात एक पैसा जात नाही. ॲक्सिलरेटरचंही तसंच, एकानं पेडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्यानं पंपाचा लीव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का बघायचं. तुमच्या केसमध्ये तिथं दोष निघेल असं वाटत नाही पण बघून घ्यावं. सायलेन्सरही पावसात आतून सडतो आणि आतली पट्टी सुटून वाट अडवते, मॅनिफोल्डनंतरचा जॉइंट ढिला करून थोडं अंतर चालवलं की कळतं, आवाज फार होतो त्यामुळं वस्तीतून नको.

एवढं करून धूर राहिला तर नोझल, आणि मला सगळ्यात जास्त संशय तिथंच आहे. चांगला नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतो, झिजलेला नोझल पिचकारी मारतो नाहीतर टपटप गळतो, आणि डिझेलचे मोठे थेंब वेळेत जळत नाहीत. प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) जुन्या इंजिनात नोझल साधारण 115 ते 135 बारला उघडतो, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (डिझेल थेट सिलिंडरात पडतं तिथं) 200 च्या वर, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि पंप-नोझलवाल्यालाही माहीत असतो. कुठल्या सिलिंडरचा नोझल खराब आहे ते कळायला मिस्त्री स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करतो. नट ढिला केल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर नुसताच फिरतोय, आणि नट ढिला केल्यावर ठोका किंवा धूर बंद झाला तर दोषी तोच. डोळ्यावर चष्मा आणि नटवर जाड फडकं पाहिजेच. आणि हे मी हात जोडून सांगतोय, नोझल बाहेर काढून पाइपला लावून सेल्फ मारून फवारा कसा पडतो ते बघायचं आणि त्याखाली हात धरायचा हा प्रकार गॅरेजमध्ये कधीही करू नका आणि पोरांना करू देऊ नका. तो फवारा कातडी फोडून आत जातो, बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत डिझेल पसरून बोट कापायची वेळ येते, असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

चारही नोझल एकदम काढून टेस्टरवर लावून घ्या आणि स्वतः समोर उभं राहा. दाब, फवारा आणि गळती या तिन्ही गोष्टी डोळ्यानं दिसतात, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. बसवताना खालचे वॉशर नवेच टाका, जुने वॉशर परत वापरले की तिथून कॉम्प्रेशन गळतं. नोझल बदलल्यावर मॅन्युअलप्रमाणे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून घ्या आणि पंपाचं टायमिंग तपासून घ्या, चेन असलेल्या इंजिनात चेन ताणली गेली की टायमिंग मागं पडतं, त्यानंही ओढ जाते आणि इंजिन तापतं.

हे सगळं होऊनही गाडी ओढली नाही तरच कॉम्प्रेशन चेक करा, डिझेलच्याच गेजनं, पेट्रोलचा गेज एवढा दाब सहन करत नाही. नुसता एका सिलिंडरचा आकडा बघून घाबरायचं नाही, चार सिलिंडरमध्ये फरक किती आहे ते बघायचं, साधारण 3 बारपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या सिलिंडरचा विचार करायचा. पंप कॅलिब्रेशन त्याच्याही नंतर. सीझनच्या आधी तुमच्याकडं वेळ कमी असला तरी ब्रेक, होस, पडदा ही कामं एका संध्याकाळची आहेत आणि नोझल एका दिवसाचे, त्यामुळं घाई करून इंजिन गॅरेजमध्ये उघडून ठेवलं आणि स्ट्रॉबेरी दुसऱ्याच्या गाडीनं गेली असं होऊ देऊ नका. काय निघालं ते जरूर कळवा.

प्रश्न, तासगावहून: आमच्या बेदाण्याच्या व्हॅनला थंडीत सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो आणि चालू झाल्यावर पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात. दहा मिनिटांत सगळं नॉर्मल. ड्रायव्हर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून चालू करतो. असं चालतं का?

उत्तर: नाही चालत, आजपासून बंद करा. पेटता बोळा आत ओढला गेला तर फिल्टर पेटतो, आणि स्टार्टिंगचा स्प्रे मारायची सवय त्याहून वाईट, हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे) असलेल्या इंजिनात तो स्प्रे भलत्या वेळी पेटून पिस्टन फोडतो. तुमचा पांढरा धूर म्हणजे थंड सिलिंडरमध्ये न पेटलेल्या डिझेलची वाफ आहे, डोळे म्हणूनच चुरचुरतात. गरम झाल्यावर जातोय म्हणजे बहुतेक हीटर प्लग गेलेत. प्रत्येक प्लगची वायर काढून मल्टिमीटरनं प्लग आणि बॉडीच्या मध्ये रेझिस्टन्स बघा, चांगल्या प्लगचं एक-दोन ओहमच्या आतच येतं, सर्किट ओपन दाखवलं तर प्लग गेला. अगदी जुन्या काही इंजिनांत प्लग एकामागं एक जोडलेले असतात, तिथं एक गेला की चारही थंड, हे मीटरशिवाय लक्षातच येत नाही. प्लग चांगले निघाले तर प्लगपर्यंत करंट येतोय का ते बघा, म्हणजे रिले आणि फ्यूज. त्यासोबत बॅटरी आणि अर्थची वायर, कारण सेल्फ हळू फिरला तरी हवा पुरेशी तापत नाही.

मात्र धूर गरम झाल्यावरही पांढराच राहिला, त्याला गोडसर वास यायला लागला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर तो डिझेलचा धूर नाही, हेड गॅसकेटमधून पाणी आत जातंय. तेव्हा गाडी चालवतच राहू नका, सिलिंडरमध्ये पाणी साचलं आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न, कराडहून: मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. गेटवर गाडी चालू ठेवून थांबले आणि मग निघाले की निळा धूर येतो, ऑइलही घालावं लागतं. पालक नाराज आहेत आणि पीयूसी जवळ आलीय.

उत्तर: ताई, पालकांचं बरोबर आहे आणि तुम्ही मनावर घेतलंत हे त्याहून चांगलं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. स्लोवर थांबून निघताना भपका येतो, नंतर कमी होतो, असं असेल तर व्हॉल्व्ह गाइडचे सील आधी बघायचे, रिंगांचं नंतर. पण त्याच्याही आधी दोन गोष्टी. एक, काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मागं ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल जातं, त्याचे सील गेले की ऑइल नको तिथं जातं, त्याचे पाइप काढून आत ऑइल साचलंय का बघा, आणि हा पंप ब्रेकचा आहे त्यामुळं यात उशीर नको. दुसरं, ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पाइप जिथं एअरच्या होसला मिळतो तिथं ऑइल ओघळतंय का बघा. तिथं ऑइल साठून इंजिनानं ते ओढायला सुरुवात केली तर डिझेल बंद केलं तरी इंजिन आपलं आपण रेस होत जातं, चावी काढून काही होत नाही. तशी वेळ आली तर गाडी उभी असताना ब्रेक घट्ट दाबा, टॉप गियर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन बंद पडेल. मुलं असतील तर आधी मुलांना खाली उतरवा. इंजिनात हात घालून हवेचं तोंड बंद करायला जाऊ नका.

पीयूसीचं म्हणाल तर डिझेलला गाडी जागेवर उभी करून एकदम रेस देऊन धूर मोजतात, बीएस-3 आणि त्याआधीच्या गाड्यांना मर्यादा 2.45 आहे, बीएस-4 ला 1.62. इंजिन पूर्ण गरम करूनच न्या, थंड इंजिनाचा धूर जास्तच येतो. काही जण पीयूसीपुरता पंप कमी करतात आणि बाहेर पडल्यावर परत वाढवतात, तसं करू नका, शाळेच्या गेटवर तो धूर मुलांच्याच तोंडावर येतो. तोवर गेटवर थांबताना इंजिन बंद ठेवा.